वीस फ्रेट की चोवीस, आणि घरात बेस किती?

प्रश्न नाशिकहून आला आहे. विचारणारे चार तारांचा, 20 फ्रेटचा, फेंडर कंपनीच्या प्रिसिजन मॉडेलच्या धाटणीचा बेस गिटार वाजवतात. फ्रेट म्हणजे गिटारच्या लांब मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या. गणेशोत्सवातले आणि लग्नसराईतले ऑर्केस्ट्रा, मधूनच एखाद्या भावगीतांच्या कार्यक्रमाला साथ, आणि उरलेल्या वेळात मित्रांसोबत स्वतःच्या गाण्यांचा बँड, असं त्यांचं काम. आता दुसरा बेस घ्यायचा आहे. मित्र म्हणतात, वीस फ्रेटचा जमाना गेला, घ्यायचा तर चोवीसचाच. दुकानात दोन बेस मनात भरलेत: एक चार तारांचा 24 फ्रेटचा, दुसरा पाच तारांचा 21 फ्रेटचा. त्यांना दोन गोष्टी हव्या आहेत. फ्रेट किती असावेत, आणि काम करणाऱ्या बेसवादकाकडे एकूण बेस किती आणि कोणते असावेत.

तुमच्या कामासाठी पाच तारांचा 21 फ्रेटचा घ्या आणि जुना 20 फ्रेटचा विकू नका. हे झालं उत्तर. पण त्यामागचं कारण नीट समजून घ्या, कारण पुढचा प्रत्येक बेस घेताना तेच कामी येईल. मी बेस वाजवतो आणि इतरांच्या बेसचं सेटअप आणि फ्रेटचं कामही करतो. टेबलावर येणारे बेस पाहून माझं मत पक्कं झालंय: फ्रेटची संख्या हा डाव्या हाताचा प्रश्न वाटतो, प्रत्यक्षात तो उजव्या हाताचा आहे.

आधी सुरांचा हिशेब करू. चार तारांच्या बेसची सगळ्यात वरची तार जी. ती मोकळी 98 हर्ट्झला वाजते. तिच्या 20 व्या फ्रेटवर ई फ्लॅट मिळतो, म्हणजे आपल्या पेटीवरची काळी दोन, साधारण 311 हर्ट्झ. 21 व्या फ्रेटवर ई. हा सूर महत्त्वाचा, कारण खालच्या मोकळ्या ई तारेपासून बरोबर तीन सप्तकं तिथे पूर्ण होतात. 22 वर एफ, 24 वर जी, म्हणजे 392 हर्ट्झ. आता 20 वरून 24 वर गेलात तर चार तारांवर मिळून सोळा नव्या जागा मिळतात. त्यांपैकी नवे सूर किती? फक्त चार. ई, एफ, एफ शार्प आणि जी, तेही एकाच तारेवर. उरलेल्या बारा जागांवरचे सूर तुमच्याकडे आधीपासून दुसऱ्या तारेवर आहेत. त्यातही ई तारेच्या 24 व्या फ्रेटवर दाबून बघा. एवढी जाड तार, कंप पावायला उरते जेमतेम 216 मिलिमीटर. सूर येतो, पण बोथट येतो, त्याला लांबी नसते.

त्या चारांतला शेवटचा जी तर तुमच्या आत्ताच्या बेसवरही आहे. जी तारेवर पाचव्या फ्रेटच्या बरोबर वर बोट नुसतं टेकवा, दाबू नका, आणि तार छेडून बोट उचला. जो हार्मोनिक वाजेल तो 24 व्या फ्रेटचाच सूर. अमेरिकन बेसवादक जॅको पास्टोरियसने 1976 च्या आपल्या पहिल्या अल्बमवर एक अख्खी रचना मुख्यतः अशा हार्मोनिक्सवर उभी केली, आणि त्याचा बेस होता 1962 चा, फेंडरच्या जॅझ मॉडेलचा, फ्रेट काढून टाकलेला. वरचे सूर हवेत म्हणून फ्रेट हवेतच, असं नाही.

मग चोवीस फ्रेट घेणारे काय उगाच घेतात? मुळीच नाही. बेसवर कॉर्ड वाजवणारे, दोन्ही हातांची बोटं तारांवर आपटून टॅपिंग करणारे, गाण्याची चाल स्वतः बेसवर मांडणारे, यांना ती जागा लागते. व्हिक्टर वूटन या वादकाच्या फोडेरा कंपनीच्या बेसला 24 फ्रेट आहेत आणि तो ते शेवटपर्यंत वापरतो. स्टॅन्ली क्लार्कने सत्तरच्या दशकात अलेम्बिक कंपनीचा आखूड स्केलचा (स्केल म्हणजे वाजणाऱ्या तारेची लांबी) बेस हातात घेऊन बेस हे पुढे उभं राहून वाजवायचं वाद्य करून दाखवलं, त्यालाही वरची जागा हवीच होती. अँथनी जॅक्सनच्या सहा तारांच्या फोडेराला तर 28 फ्रेट. पण उलट बाजूही बघा. मार्कस मिलरने 1977 च्या 20 फ्रेटच्या जॅझ बेसवर गाण्यांच्या चाली वाजवल्या, लोकांनी त्या गुणगुणल्या. बिली शीहान हा दोन्ही हातांनी आग ओकणारा वादक, त्याचा यामाहाचा अ‍ॅटिट्यूड बेस 21 फ्रेटचा. मोठ्या वादकांकडे बघून संख्या ठरवायची म्हटली तर हवं ते उत्तर काढता येईल.

आता उजव्या हाताकडे येतो.

34 इंची बेसवर नटापासून (मानेच्या टोकाला, डोक्यापाशी तारा टेकतात ती पट्टी) ब्रिजपर्यंतचं (शरीरावर तारा अडकतात ती जागा) अंतर 863.6 मिलिमीटर. पहिला फ्रेट नटापासून 48 मिलिमीटरवर असतो. पुढे प्रत्येक घर आखूड होत जातं. 19 आणि 20 मधलं अंतर 16 मिलिमीटर, 23 आणि 24 मधलं 13 च्याही आत. 20 वा फ्रेट ब्रिजपासून 272 मिलिमीटरवर आहे, 24 वा 216 वर. म्हणजे चार फ्रेट वाढवले की फ्रेटबोर्ड 56 मिलिमीटर पुढे येतो. हे 56 मिलिमीटर कुठून येतात? उजवा हात जिथे वाजवतो, नेमक्या त्या जागेतून.

स्लॅप वाजवणाऱ्याला हे लगेच जाणवतं. अंगठा फ्रेटबोर्डच्या टोकापाशी तारेवर आपटतो आणि पहिलं बोट तारेखाली शिरून ती ओढतं. त्या बोटाला तारेखाली पोकळी हवी. 20 फ्रेटच्या जॅझ धाटणीच्या बेसवर फ्रेटबोर्ड संपल्यापासून मानेकडच्या पिकअपपर्यंत (तारेचा कंप पकडणाऱ्या चुंबकापर्यंत) मोकळी जागा असते, बोट खोल जातं, ओढायला वाव मिळतो. 24 फ्रेटच्या बेसवर पिकअप त्याच ठिकाणी ठेवला तर ती जागा जवळपास निम्मी होते. मग तरुण पोरं तक्रार घेऊन येतात की पॉप (बोटाने तार ओढण्याचा आवाज) नीट बसत नाही, नख फ्रेटबोर्डला लागतं, बेस खराब आहे. बेस उत्तम असतो. जागाच तेवढी असते. काहींचा हात सवयीने मागे सरकून जुळवून घेतो, पण मागे सरकला की तार जास्त ताठ लागते आणि आवाज कोरडा होतो. उलट काही वादक मुद्दाम उथळ जागा पसंत करतात, बोट खोल शिरू नये म्हणून तारांखाली लाकडाची पट्टी बसवून घेतात. अंगठा खाली-वर दोन्हीकडून चालवणाऱ्यांनाही ती सोयीची पडते. इथे चूक-बरोबर काही नाही, हात कसा चालतो ते पाहायचं.

दुसरा परिणाम आवाजावर. जागा पुरावी म्हणून कित्येक कारखाने 24 फ्रेटच्या बेसवर पिकअप ब्रिजकडे सरकवतात. ब्रिजजवळ तार कमी झुलते, मूळ सूर कमी आणि वरचे स्वर जास्त पकडले जातात. आवाज घट्ट, स्पष्ट, नेमका येतो. मेटलला, फ्यूजनला, भरगच्च मिक्समध्ये हा आवाज फार चांगला. पण जुन्या हिंदी गाण्यांना जो गोल, उबदार, थोडा मातकट आवाज लागतो तो त्यातून सहज निघत नाही. राहुलदेव बर्मन यांच्या वादकवृंदात टोनी वाझ यांनी वाजवलेला बेस कानात आठवा. ऑर्केस्ट्रात तुम्ही निम्मी संध्याकाळ तीच गाणी वाजवता. तिथे तुमचा 20 फ्रेटचा प्रिसिजन धाटणीचा बेस पहिल्या सुरापासून योग्य जागी बसतो. टोनचं बटण थोडं उतरवलं की काम झालं.

तिसरी गोष्ट तोलाची. बेस पट्ट्याला लटकवल्यावर शरीराचं वरचं शिंग, म्हणजे पट्टा अडकतो ते टोक, साधारण 12 व्या फ्रेटपर्यंत पोचलेलं असेल तर मान आडवी राहते. 24 फ्रेट सामावण्यासाठी मान शरीराबाहेर जास्त काढली आणि शिंग तेवढंच ठेवलं, तर दोन गोष्टी होतात: पहिला फ्रेट डाव्या हातापासून लांब जातो आणि डोकं खाली झुकू लागतं. चार तास उभं राहून वाजवणाऱ्याच्या डाव्या खांद्याला याची किंमत मोजावी लागते, कारण सूर दाबता दाबता तो हात मानही उचलून धरत असतो. दुकानात स्टुलावर बसून हे कळत नाही. पट्टा लावून उभे राहा, पहिल्या फ्रेटवर एफ वाजवा आणि कोपर किती सरळ झालंय ते बघा. मग डावा हात सोडून द्या. डोकं खाली जात असेल तर तो बेस ऑर्केस्ट्रासाठी घेऊ नका, फ्रेट कितीही असोत. चांगल्या कारखान्यांनी हा प्रश्न शिंग लांबवून, शरीर लहान करून किंवा डोकंच काढून सोडवलाय. आयबानेझची 1987 मध्ये आलेली एसआर मालिका 24 फ्रेटची आहे आणि हलकी, बारीक मानेची म्हणून लाखो हातांत गेली. त्यामुळे सगळे चोवीसवाले झुकतात असं समजू नका. तपासा, एवढंच.

आता 20 चा आकडा जुना आणि 24 चा नवा, या समजुतीबद्दल. लिओ फेंडरने 1951 मध्ये प्रिसिजन बेस आणला तो 20 फ्रेटचा. 1960 चा जॅझ बेसही 20 चा. रिकेनबॅकर 4001 आणि 4003 वर 20. म्युझिक मॅनचा स्टिंगरे 1976 मध्ये 21 घेऊन आला. पण होफ्नरचा व्हायोलिनच्या आकाराचा बेस, जो पॉल मॅकार्टनीने 1961 मध्ये हॅम्बुर्गला घेतला, तो 22 फ्रेटचा आणि ते मॉडेल पन्नाशीच्या दशकातलं. उलट फेंडरचा आखूड मस्टँग बेस 1966 चा, त्यावर फक्त 19. वॉरविकच्या काही थम्ब बेसवर 26. म्हणजे काळ पुढे सरकला तशी संख्या वाढत गेली, असं सरळ नाही. आजही यामाहाच्या एकाच दुकानातल्या भिंतीवर बीबी मालिका 21 ची आणि टीआरबीएक्स 24 ची शेजारी टांगलेली दिसते. दोन वेगवेगळ्या हातांसाठी आहेत त्या. माझ्या मते 21 हा सगळ्यात शहाणा आकडा: तीन सप्तकं पूर्ण होतात आणि उजव्या हाताची जागा जवळपास शाबूत राहते, 20 च्या तुलनेत फक्त 15 मिलिमीटर जातात. फेंडरनेही आपल्या अल्ट्रा मालिकेत 21 केले ते मला पटतं.

आता तुमच्या कामाचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. तुम्हाला वरचे चार सूर कमी पडत नाहीत, खालचे पाच कमी पडतात.

आपले गायक पट्टी सांगतात काळी-पांढरीत. बेसच्या मोकळ्या तारा खालून वर अशा: पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच. गायिका काळी चार किंवा काळी पाचमध्ये गात असेल तर खालचा सा ई तारेच्या चौथ्या किंवा सहाव्या फ्रेटवर मिळतो, सुखाचं काम. पण गायक पुरुष असेल आणि काळी एक, पांढरी दोन किंवा काळी दोन म्हणाला, की खालचा सा तुमच्या बेसच्या बाहेर जातो. काळी एकचा सा तुम्हाला ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर घ्यावा लागतो, 69 हर्ट्झला. तो वाईट नाही, पण ढोलकीची धुम आणि तबल्याचा डग्गा त्याच्या आसपासच घुमत असतात आणि बेस त्यांत मिसळून जातो. पाच तारांच्या बेसवर तोच सा बी तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर, 35 हर्ट्झच्या जरा खाली मिळतो. ध्रुवपदाच्या समेवर तो एकदा दिला की सगळा ताफा जमिनीवर उभा राहिल्यासारखा वाटतो. मैदानातले स्पीकर 35 हर्ट्झ पूर्ण ताकदीने काढत नाहीत हे खरं, पण त्या सुराचे वरचे अंश ऐकून कान मूळ सूर स्वतःच भरून काढतो, म्हणून खोली जाणवते.

एक मधला मार्ग आहे. ई तार दोन फ्रेट उतरवून डी करायची. मग पांढरी दोन आणि काळी दोन दोन्ही हाती येतात. डोक्याच्या मागे खटका बसवून गाण्याच्या मध्येही तार उतरवता येते. पण काळी एक तरीही राहतेच, आणि ऑर्केस्ट्रात गायक बदलला की पट्टी बदलते, तिथे प्रत्येक गाण्याला तार उतरव-चढव करत बसणं जमत नाही. भावगीताच्या साथीतही गायक ऐनवेळी अर्धा सूर खाली मागतात. पाचवी तार असली की तुम्ही मान डोलावता आणि हात एक फ्रेट खाली घेता.

पाच तारांचा बेस घेताना फक्त बी तार तपासा, बाकीच्या तारा बहुतेक ठीकच असतात. अ‍ॅम्पला जोडून बी तारेच्या पाचव्या फ्रेटवरचा ई आणि मोकळी ई तार आलटून पालटून वाजवा. दोन्हींची जात एक वाटली पाहिजे. बी तारेवरचा सूर मऊ, लडबडीत, किंचित बेसूर सुरू होऊन मग स्थिर होत असेल, तर आधी 0.130 इंच जाडीची तार चढवून बघायला सांगा. तरीही सुधारत नसेल तर दुसरा बेस बघा. 35 इंची स्केलवर ही तार जरा ताठ राहते, पण पहिला फ्रेट आणखी लांब जातो, त्यामुळे लहान हाताच्या वादकाला मी ते सुचवत नाही.

दोन्ही बेस पुन्हा बघायला जाल तेव्हा शेवटचे फ्रेट कसे तपासायचे ते सांगतो, कारण मला टेबलावर सर्वांत जास्त दिसणारा दोष तिथलाच आहे आणि दुकानात तो कुणी बघत नाही. मान जिथे शरीरात बसते तिथून पुढचा फ्रेटबोर्डचा भाग ट्रसरॉडच्या (मानेचा बाक आवरणारी आतली सळई) ताब्यात फारसा नसतो. दमट हवेत तिथलं लाकूड फुगतं किंवा स्क्रूच्या दाबाने टोक वर उचललं जातं. डोक्याकडून ब्रिजकडे एक डोळा मिटून फ्रेटच्या ओळीवर नजर टाका. 15 व्या-16 व्या फ्रेटनंतर ओळ वर चढताना दिसली तर सावध व्हा. मग जी तारेवर 12 पासून शेवटपर्यंत एकेक फ्रेट दाबून वाजवा. सूर मध्येच दबला, किंवा दोन शेजारच्या फ्रेटवर एकच सूर आला, तर शेवटचे फ्रेट वर आलेत. 24 फ्रेटच्या बेसवर हे जास्त आढळतं, कारण तिथे तो मोकळा भाग लांब असतो.

याचाच एक उपद्व्याप म्हणजे मानेचा बाक चुकीचा मोजला जातो. सगळीकडे सांगतात की पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबा आणि मधल्या, सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली किती फट आहे ते बघा. टोक उचललेलं असेल तर शेवटचा फ्रेट दाबल्यावर फट खोटी, जास्त दिसते. वादक ट्रसरॉड आवळत जातो आणि पहिल्या पाच फ्रेटवर खरखर सुरू होते. शेवटच्या फ्रेटऐवजी मान शरीराला मिळते तिथला, साधारण 16 वा फ्रेट दाबून मोजा. फट 0.3 ते 0.4 मिलिमीटर, व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी, ठेवली की बहुतेक हातांना चालते. उचललेले शेवटचे फ्रेट कानशीने किंचित उतरते करून घेता येतात, हे नेहमीचं काम आहे, पण त्याचे पैसे किमतीतून कमी करून मागा.

आणि एक निरीक्षण, यात मत काही नाही. माझ्याकडे घासायला येणाऱ्या बेसवर पहिल्या सात फ्रेटवर तारांच्या खाचा पडलेल्या असतात, 15 च्या पुढे मूळ चकाकी तशीच असते. 24 वाल्यांवरही. स्टेनलेस स्टीलचे फ्रेट असतील तर खाचा फार उशिरा पडतात, आणि गोल गुंडाळणीच्या (खरखरीत पृष्ठभागाच्या) नव्या तारा रोज वाजवणाऱ्याने चार जादा फ्रेटपेक्षा स्टीलच्या फ्रेटवर पैसे घालावेत.

आता दुसरा प्रश्न, बेस किती असावेत.

जेम्स जेमर्सनने मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या त्या अगणित गाण्यांमधलं बहुतेक काम 1962 च्या एका प्रिसिजनवर केलं. जाड सपाट (गुळगुळीत पृष्ठभागाच्या) तारा, त्याही बदलायचा नाही, आणि उजव्या हाताचं एकच बोट. दुसऱ्या टोकाला द हू या बँडचा जॉन एंटविसल. त्याचा संग्रह इतका मोठा होता की 2002 मध्ये तो गेल्यावर पुढच्या वर्षी सदबीजने लंडनमध्ये त्याचा लिलाव केला. त्याच संग्रहात एक प्रिसिजन असाही होता, जो त्याने पाच मोडक्या बेसचे भाग जोडून बनवला होता. रश या बँडच्या गेडी लीने तर वयाच्या पन्नाशीनंतर जुने बेस जमवायला घेतले, दोन-अडीचशेच्या घरात नेले आणि 2018 मध्ये त्यावर भलामोठा ग्रंथ काढला. त्याच्या कित्येक ध्वनिमुद्रणांतला मुख्य बेस मात्र 1972 चा एक जॅझ, गहाणवटीच्या दुकानातून आणलेला.

संग्रह करणं ही स्वतंत्र आवड आहे आणि ती मला मनापासून आवडते. जुन्या वाद्यांत लाकूडकामाचा, तारांचा, अख्ख्या काळाचा इतिहास सापडतो. पण वाजवण्यासाठी बेस घ्यायचे असतील तर माझी कसोटी वेगळी: नवा बेस असं काय करेल जे घरातला करत नाही? आणि दोन बेसमध्ये सगळ्यात मोठा फरक फ्रेट पाडत नाहीत, तारा पाडतात. तुमच्या प्रिसिजनवर सपाट तारा चढवा आणि त्या वर्षानुवर्षं राहू द्या. नव्या पाच तारांच्या बेसवर गोल गुंडाळणीच्या चकचकीत तारा ठेवा. एवढ्यावर तुमच्याकडे दोन संपूर्ण वेगळी वाद्यं झाली. रेकॉर्डिंगला बोलावणं आलं तर दोन्ही घेऊन जा. ध्वनिमुद्रक बहुतेक वेळा प्रिसिजनच मागेल, कारण मिक्समध्ये तो कमी त्रास देतो.

तिसरा बेस घ्यायची वेळ आली तर फ्रेटलेस, म्हणजे फ्रेट नसलेला, घ्या. मराठी भावगीताला, अभंगाला, मींड असलेल्या कुठल्याही चालीला फ्रेटलेस इतका लागू पडतो की आपल्याकडे तो एवढा कमी का दिसतो याचं मला वाईट वाटतं. पिनो पॅलाडिनो फ्रेटलेस स्टिंगरेवर गायकाच्या मागे ज्या तऱ्हेने सरकतो ते ऐका आणि मग गायकाच्या गंधारावर हळूच घसरत या. त्यावर फ्रेटच्या जागी रेषा आखलेल्या घ्या, त्यात कमीपणा काही नाही. मंचावर अंधार असतो. चौथा, हवाच असेल तर, 30 इंची आखूड बेस: बसून गाणी रचायला, प्रवासाला आणि मनगट दुखत असेल तेव्हा. याच्यापुढे जे येईल ते प्रेमापोटी येईल. जरूर आणा, पण त्याला गरज म्हणू नका.

जुना, 1965 च्या आधीचा फेंडर कुणी दाखवला तर मात्र थांबा. त्या वर्षी जानेवारीत फेंडर कंपनी सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीकडे गेली, आणि त्याआधीच्या वाद्यांना वेगळा भाव आहे म्हणून नकलाही तितक्याच. मान काढून खालचा शिक्का, पिकअप, पॉटवरचे (आवाजाच्या बटणांखालच्या भागावरचे) आकडे जाणकाराकडून पाहून घेतल्याशिवाय एक पैसा देऊ नका. असं वाद्य मिळालंच तर त्याचे फ्रेट घाईने बदलू नका, मूळ फ्रेटलाही किंमत असते.

जे बेस घरात आहेत ते नीट ठेवणं हा आपल्या हवेत मोठा विषय आहे. नाशिकला मुंबई-कोकणाइतका दमटपणा नाही, पण जुलैत तुमच्याकडेही बॅगेत ठेवलेल्या बेसच्या तारांना तांब येतेच. उलट एप्रिलमध्ये हवा कोरडी पडली की फ्रेटबोर्डचं लाकूड आक्रसतं, फ्रेटचा धातू आक्रसत नाही, आणि मानेच्या कडेला फ्रेटची टोकं हाताला टोचू लागतात. हाताला टोचलं म्हणून लगेच कानस लावू नका, पावसाळ्यात लाकूड पुन्हा फुगेल. दोन्ही ऋतू बघून मग टोकं घासून घ्या. खोलीत स्वस्तातला आर्द्रतामापक ठेवा, 45 ते 55 टक्के हा चांगला पट्टा. तेवढं जमत नसेल तर बंद केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या दर महिन्याला बदला. शिसवाच्या फ्रेटबोर्डला वर्षातून दोनदा लिंबू तेलाचा हलका हात पुरे. हे शिसव बरेचदा दक्षिण भारतातलंच असतं. 2017 मध्ये शिसवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचं बंधन आलं तेव्हा अनेक कारखान्यांनी दुसरं लाकूड वापरायला घेतलं. तयार वाद्यांना 2019 च्या अखेरीस सूट मिळाली. त्या दोन-तीन वर्षांतले बेस घेताना फ्रेटबोर्ड कशाचा आहे ते विचारा, वाईट म्हणून नव्हे, तर निगा थोडी वेगळी घ्यावी लागते म्हणून.

प्रत्येक बेसचा क्रमांक, पुढून-मागून फोटो आणि अंगावरच्या ओरखड्यांचे जवळून काढलेले फोटो आजच फोनमध्ये आणि फोनबाहेरही ठेवा. जेमर्सनचा प्रिसिजन त्याच्या निधनाच्या सुमारास चोरीला गेला. जॅकोचा फ्रेटलेस 1986 मध्ये न्यूयॉर्कमध्ये गेला आणि वीसेक वर्षांनी सापडला. मॅकार्टनीचा 1961 चा होफ्नर 1972 मध्ये गेला तो 2024 मध्ये त्याच्याकडे परत आल्याचं जाहीर झालं. ओळख पटली ती जुने फोटो आणि खुणा होत्या म्हणून. गणपतीच्या दहा दिवसांत टेम्पोतून सामान चढता-उतरताना काय कुठे जातं हे तुम्हाला मी सांगायला नको.

पाच तारांचा तो 21 फ्रेटचा बेस अ‍ॅक्टिव्ह असेल, म्हणजे त्यात बॅटरीवर चालणारं आवाजाचं सर्किट असेल, तर एक शेवटचं. वाजवून झालं की केबल जॅकमधून काढा, नाहीतर आतली 9 व्होल्टची बॅटरी संपत राहते आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गाण्यालाच आवाज फाटू लागतो. कार्यक्रमांचा हंगाम संपून बेस महिनाभर ठेवणार असाल तर बॅटरी पूर्ण बाहेर काढा, ती पाझरली तर प्रीअ‍ॅम्प जातो. आणि ऑर्केस्ट्राला जाताना नवी बॅटरी केसमध्ये नाही, खिशात ठेवा.